ताथवड्याचा पिन आणि कापरेकर मास्तर

ताथवड्याचा पिन कोड ४११०३३. पत्त्याखाली तो आपण निमूट लिहितो. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी मात्र तो असा सोडला नसता.

त्यांची रीत सोपी. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. ४११०३३ च्या अंकांची बेरीज १२. ती मिळवली की ४११०४५, म्हणजे जवळचे बाणेर! आता उलटे जाऊ. ४११०१८ मध्ये १५ मिळवले की ताथवडे येते, आणि ४११०१८ आहे पिंपरी. म्हणजे पिंपरी झाली ताथवड्याची जनक संख्या. दुसरी जनक नाही. सहा अंकांची बेरीज ५४ च्या पुढे जात नाही, म्हणून तेवढेच मागे जाऊन मी तपासले. पिंपरीला मात्र दोन जनक: ४१०९८८ आणि ४११००६, म्हणजे येरवडा. (टपालखात्याने हे काही ठरवून केलेले नाही!)

जिला जनकच नाही, उदाहरणार्थ २०, ती कापरेकरांची ‘स्वयंभू’ संख्या.

आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हा पोरखेळ वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर गेले. तेव्हा मास्तरांना शाळेतून निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती.