बंडीचं चाक आणि घरचं टेबल
(सावरगाव येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



टेबल, बाक, बंगई, भांड्यांची मांडणी अशा वस्तू घरच्या घरी लाकूड आणि लोखंड जोडून कशा करायच्या, हा आजचा विषय. आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातल्या माणसाला तो परका नाही. आपल्या स्वयंपाकघरातली विळीच बघा, पाट सुताराचा आणि पातं लोहाराचं. पण या दोघांच्या कामाचा सगळ्यात अवघड नमुना म्हणजे बंडीचं चाक, आणि मला सुरुवात तिथूनच करायची आहे.

चाकाचा मधला तुंबा, आरे आणि कडेचे वाकदार तुकडे बाभळीचे. त्यावर चढवायची लोखंडी धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईपर्यंत तापवायची, सांडशीने उचलून चाकावर बसवायची, आणि लाकूड पेट घेण्याआधी पाणी ओतायचं. साडेचार मीटर घेराची धाव 500 अंशांनी तापली, तर तिचा घेर सुमारे 27 मिलिमीटरने वाढतो. निवताना ती तेवढीच आवळू पाहते आणि प्रत्येक आरा तुंब्यात दाबून बसवते. खिळा नाही, सरस नाही. लाकडाला दाब सोसतो, लोखंडाला ताण सोसतो. ज्याला जे सोसतं तेच काम त्याला दिलेलं आहे. कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाने शिकवावी अशी ही गोष्ट आपल्या गावांच्या वेशीवर होत होती, याचा मला फार अभिमान वाटतो.

तरी उन्हाळ्यात चाक ढिलं होतंच. लाकूड सुकून आक्रसतं, धाव होती तेवढीच राहते. म्हणून लोक चाकं पाण्यात बुडवून ठेवत. आज घरी टेबल करणाऱ्या तरुणांना मला सांगायचं आहे ते याच अनुभवातलं: लाकूड पाण्याच्या हिशोबाने हलतं, लोखंड उष्णतेच्या. जोड करताना दोघांचे हिशोब वेगळे धरायला हवेत.

आकडे घेऊ. सागाची 75 सेंटिमीटर रुंद फळी आहे. वैशाखात ती कोरडी ठणठणीत असते, श्रावणात हवेतला ओलावा पिते. फळी कशी चिरली आहे त्यावर फरक पडतो, पण तंतूंच्या आडव्या दिशेला ती सहा-आठ मिलिमीटर फुगू शकते. लांबीत मात्र जवळजवळ नाही. खालची तेवढीच लोखंडी पट्टी 30 अंशांच्या फरकाने पाव मिलिमीटरच्या आसपास वाढते. आता ही फळी चारही बाजूंनी खालच्या लोखंडी अँगलला घट्ट आवळली, तर काय होईल? पावसाळ्यात ती मधून उठेल, नाहीतर बोल्ट वाकवेल. आणि भर पावसात घट्ट केलेली फळी मे महिन्यात मधोमध चिरेल. चाकात आवळणं हाच जीव होता. टेबलात तेच घात करतं.

उपाय सोपा आहे. फळीच्या रुंदीच्या मध्यावर बोल्ट घट्ट करा. कडेच्या बोल्टांसाठी अँगलमध्ये गोल भोक पाडू नका, तंतूंच्या आडव्या दिशेला लांबट खाच करा. दोन भोकं शेजारी-शेजारी पाडून कानशीने मधला भाग काढला की खाच झाली. वर मोठा वॉशर टाका आणि फळी सरकेल इतपतच आवळा. आपल्याकडे काम बहुतेक उन्हाळ्यात, शेतीला उसंत असताना निघतं. तेव्हा फळी सगळ्यात अरुंद असते, म्हणून जागा बाहेरच्या बाजूला जास्त ठेवायची.

दुसरी गोष्ट रंगाची. बाभळीत टॅनिन असतं. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई ज्या रसायनाने होते, त्याच रसायनाने ओल्या बाभळीत ठोकलेल्या खिळ्याभोवती काळा डाग पडतो. ग्राइंडरचा लोखंडी कीस ताज्या रंधलेल्या फळीवर उडाला आणि पहिल्या पावसाची दमट हवा लागली की फळीभर काळे ठिपके उठतात. साग या बाबतीत सज्जन. तो लोखंडाला खात नाही, आणि जहाज बांधणाऱ्यांनी त्याला मान दिला त्यामागे हेही एक कारण होतं.

म्हणून क्रम ठरवून घ्या. आधी लोखंडाचं सगळं काम संपवा: कापणं, वेल्डिंग, घासणं, रेड ऑक्साइड. मग जागा झाडा आणि तेव्हाच फळी बाहेर काढा. भुशाशेजारी वेल्डिंगची ठिणगी कधीही नको. भुसा आतल्या आत धुमसतो आणि तासाभराने पेटतो. जस्त चढवलेला पाइप बंद खोलीत वेल्ड करू नका, त्या धुराने ताप भरतो. फळीला आपल्याकडचं जवसाचं तेल उत्तम, पण तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. एकेक पसरून वाळवा.

एक खंत बोलून दाखवतो. आयटीआयमध्ये वेल्डर वेगळा शिकतो, सुतार वेगळा. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे खेड्यातली मुलं शेती आणि विजेच्या कामासोबत वेल्डिंग आणि सुतारकामही शिकतात, गावाला लागणाऱ्या वस्तू करता करता शिकतात. एकाच हाताने दोन्ही केलं की पट्टीला खाच का हवी, हे वेगळं सांगावं लागत नाही. आपल्या शाळांमध्येही एक खोली, एक वेल्डिंग मशीन आणि एक सुतारी बाक एवढ्यावर सुरुवात होऊ शकते, असं मला मनापासून वाटतं.

तो बाकच पहिलं काम म्हणून घ्या. पाय अँगलचे, वरची जाड फळी बाभळीची, पूर्ण वाळलेली. पोळ्याच्या सुमारास तो उलटा करा आणि वॉशरची खूण खाचेत किती सरकली ते पट्टीने मोजा. शेजारी पेन्सिलीने महिना लिहा, पुन्हा चैत्रात मोजा. पुढच्या टेबलाची खाच किती लांब हवी, ते या दोन खुणांवरून ठरवा.