अभ्यासाची सावड

(संस्थेच्या वार्षिक सहायक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मेळाव्यात एक प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. आपण मुलांची फी भरतो, राहायची सोय करतो, पुस्तकं घेऊन देतो. बारावी सायन्सला चांगले मार्क घेतलेला आपला मुलगा कॉलेजात गेल्यावर पहिल्याच वर्षी गणितात आणि फिजिक्समध्ये का अडकतो? हा प्रश्न रागाने विचारला जात नाही, काळजीपोटी विचारला जातो, आणि तुमच्या देणग्यांवर हे काम चालत असल्यामुळे तो विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आपल्याकडे याची तयार उत्तरं असतात. पाया कच्चा आहे, घरी शिक्षणाचं वातावरण नाही, आईबाप निरक्षर आहेत, पोरांना जिद्द नाही. नेमकी हीच उत्तरं १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या एका नामवंत विद्यापीठात दिली जात होती, आणि तिथल्या एका तरुणाने ती तपासून पाहायचं ठरवलं. त्याची हकिगत आधी सांगतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या गणित विभागात युरी ट्रीझमन नावाचा संशोधक विद्यार्थी होता. तिथे पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस हा विषय असे. विज्ञान, इंजिनिअरिंग, वैद्यक, कुठेही जायचं तर हा उंबरठा ओलांडावा लागे. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी दहातले सुमारे सहा त्या उंबरठ्यावरच पडत, म्हणजे नापास होत, जेमतेम श्रेणी मिळवत किंवा विषय सोडून देत. चिनी वंशाची मुलं मात्र त्याच वर्गात उत्तम गुण मिळवत. प्राध्यापकांना कारण विचारलं तर उत्तरं तीच आली: जिद्द नाही, तयारी नाही, घरचा पाठिंबा नाही, गरिबी आहे.

ट्रीझमनने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि दीड वर्ष त्यांच्या मागे फिरला. ग्रंथालयात, खोलीवर, जेवणाच्या टेबलावर, काही वेळा त्यांच्या घरीही. चारही उत्तरं टिकली नाहीत. ही मुलं आपापल्या शाळांतली पहिली आलेली होती. त्यातली कित्येक तर आपापल्या चर्चच्या तरुण संघाची पुढारी होती, म्हणजे आपल्या मंडळ्यांतून पुढे येतात तशीच मुलं. आईवडिलांनी त्यांच्यासाठी जिवाचं रान केलेलं होतं. सगळ्यांत चांगली तयारी असलेली मुलंही नापास होत होती.

फरक निघाला तो अगदी साध्या ठिकाणी. कृष्णवर्णीय मुलं प्रामाणिकपणे अभ्यास करत होती. एका तासाच्या शिकवणीला दोन तास घरचा अभ्यास, असं त्यांना सांगितलेलं होतं. आठवड्याला आठ तास होतात, तेवढे ती करत. पण एकटी करत. वीसपैकी अठरा जणांनी वर्गातल्या कुणाबरोबर बसून कधीच अभ्यास केला नव्हता. चिनी वंशाची मुलं आठ-दहा तास स्वतः गणितं सोडवत आणि वर आणखी चार-सहा तास एकत्र बसत. मिळून जेवण करायचं, मग वह्या उघडायच्या. तुझं उत्तर काय आलं? माझं वेगळं का आलं? एखादं गणित कुणालाच आलं नाही, तर ते गणितच अवघड आहे हे कळायचं. एकट्या बसलेल्या मुलाला ते कळत नाही. त्याला वाटतं, आपणच कमी आहोत. आणि एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली: ही मुलं एकमेकांचं इंग्रजीसुद्धा तपासत.

विद्यापीठात मदतीची सोय नव्हती असं नाही. मागे पडलेल्यांसाठी जादा शिकवणी होती, पण ही मुलं तिकडे फिरकत नसत. शाळेत इतरांना शिकवणारी मुलं ती. 'कच्च्या मुलांचा वर्ग' अशी पाटी असलेल्या दारातून आत कशी जातील? मला वाटतं कोणताही स्वाभिमानी मुलगा जाणार नाही. मदत देणाऱ्यांना पाटीवर काय लिहिलंय ते दिसत नसतं, घेणाऱ्याला मात्र दुरून वाचता येतं.

म्हणून ट्रीझमनने १९७८ च्या सुमारास उलटी पाटी लावली. गणितात उत्तम व्हायचं असेल त्यांच्यासाठी हा वर्ग आहे, असं सांगून त्याने मुलांना बोलावलं. आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास, पाच-सात जणांचे गट. समोर नेहमीपेक्षा अवघड गणितांचा कागद. एखादा वरच्या वर्गातला विद्यार्थी देखरेखीला असे, पण तो फळ्यावर शिकवत नसे. फिरत राहायचं, कुठे अडलंय ते बघायचं, एखादा प्रश्न टाकायचा आणि पुढे सरकायचं. मुलांनीच मुलांना समजावायचं.

या वर्गातली कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वंशाची मुलं नंतर गोऱ्या आणि आशियाई वर्गमित्रांच्याही पुढे जाऊ लागली. प्रवेशाच्या चाचणीत गणिताला ८०० पैकी जेमतेम सहाशेच्या वर गुण असलेली मुलं, साडेसातशेच्या आसपास गुण असलेल्यांच्या बरोबरीने कॅल्क्युलस करू लागली. मुलं होती तीच होती, अभ्यासक्रमही सोपा केलेला नव्हता. पुढे अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी ही पद्धत घेतली.

दुसरी हकिगत सांगतो ती मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेची, आणि ती चर्चमध्ये सुरू होते. १९६३ साली अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात फ्रीमन ह्राबोव्स्की नावाचा बारा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा चर्चच्या मागच्या बाकावर गणितं सोडवत बसला होता. पुढे कुणी पाहुणे बोलत होते, याचं लक्ष वहीत. मुलांनी मोर्च्यात भाग घेतला तर त्यांना चांगल्या शाळांत जाता येईल, असं काहीसं कानावर पडलं आणि त्याने मान वर केली. बोलणारे होते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग. मुलगा मोर्च्यात गेला, पकडला गेला, पाच दिवस कोठडीत राहिला. (प्रवचनाच्या वेळी गणितं सोडवणाऱ्या मुलांना आपण रागावतो, पाळकसाहेब, यावर पुढे कधी चर्चा करू.)

हाच मुलगा गणिताचा प्राध्यापक झाला आणि १९९२ ते २०२२ अशी तीस वर्षं त्या विद्यापीठाचा अध्यक्ष होता. त्याआधी १९८८ मध्ये बाल्टिमोरचे दानशूर रॉबर्ट मेयरहॉफ आणि त्यांच्या पत्नी जेन यांच्या देणगीतून त्यांनी विज्ञान शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांसाठी मेयरहॉफ शिष्यवृत्ती सुरू केली. १९८९ ला पहिली तुकडी आली ती १९ मुलांची. पुढच्या वर्षी मुलींना घेतलं, आणि १९९६ पासून ती सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना खुली झाली.

शिष्यवृत्ती म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर चेक येतो. इथे पैसा हा फक्त एक भाग आहे. कॉलेज सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात सगळी तुकडी सहा आठवडे एकत्र राहते, एकत्र शिकते. गटाने अभ्यास करणं हा नियम आहे. पायाच्या विषयात जेमतेम श्रेणी मिळाली, तर पास झालो म्हणून पुढे न पळता तोच विषय पुन्हा करायला सांगतात. आपल्याकडे केटी सुटली की पेढे वाटतात! लवकरात लवकर मुलांना प्रयोगशाळेत खऱ्या संशोधनाला लावतात. या कार्यक्रमातून २००८ साली पदवी घेतलेली किझमेकिया कॉर्बेट पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत होती, आणि कोविडच्या काळात मॉडर्ना लशीमागच्या संशोधनात तिचा मोठा वाटा होता.

हे सगळं ऐकून हुरळून जाऊ नका. मेयरहॉफला मुळात निवडक, हुशार मुलं घेतात आणि त्यामागे मोठा पैसा आहे. बर्कलीच्या वर्गामागेही गणितांचे ते कागद तयार करण्याची मेहनत होती. नुसती मुलं गोळा करून एका खोलीत बसवली तर गप्पा होतील, अभ्यास नाही. आपली मुलं तिथल्या मुलांपेक्षा वेगळ्या अडचणींतून येतात. घरी पावरी किंवा भिली, शाळेत मराठी, आणि पुढे विज्ञान शिकताना एकदम इंग्रजी. आरक्षणामुळे दार उघडतं, आणि ते उघडं राहिलंच पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आयआयटीमध्ये तर थोडक्यात हुकलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षभराचा तयारीचा अभ्यासक्रमही आहे. साध्या कॉलेजात मात्र दारातून आत गेल्यावर मुलगा आणि त्याची वही, दोघंच उरतात.

धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरचा मुलगा आपल्या मदतीने शहरात शिकायला गेला. शांत आणि कष्टाळू. रात्री बारापर्यंत दिवा चालू असायचा. वर्गात त्याने कधी शंका विचारली नाही, कारण इंग्रजीत विचारायची भीती, आणि मराठीत विचारलं तर हसतील ही दुसरी भीती. पहिल्या सत्रात गणित आणि फिजिक्स, दोन्ही राहिले. होळीला घरी गेला तो परत आला नाही. मी पाड्यावर भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, "सर, बाकीच्यांना सगळं येत होतं." त्याच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे तेच विषय राहिले होते. ते त्याला माहीतच नव्हतं.

ज्या पाड्यावर तो हे म्हणाला, तिथे कुणी एकटा घर बांधत नाही, आणि एकट्याची कापणी शेतात पडून राहत नाही. आपल्या मराठीत सावड म्हणतात, कुठे इर्जिक म्हणतात: आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या. हे ज्याच्या रक्तात आहे त्या मुलाला आपण शहरात पाठवतो आणि सांगतो, बाळा, मन लावून एकटा अभ्यास कर.

पवित्र शास्त्रात मोशेचे हात दमले तेव्हा अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी ते धरून उभे राहिले. त्याला कुणी जिद्द कमी पडली म्हणून बोल लावला नाही. बसायला धोंडा दिला आणि सूर्य मावळेपर्यंत हात धरले. पक्षघाती मनुष्याला प्रभूकडे आणणारेही चौघे होते. एकट्याच्याने ती खाट उचललीच गेली नसती.

आता कामाचं बोलतो. या जूनमध्ये आपली नऊ मुलंमुली प्रथम वर्ष विज्ञानाला जातील. कमिटीपुढे दोन प्रस्ताव आहेत: सगळ्यांना एकेक टॅब घेऊन द्यायचा, किंवा वसतिगृहात अभ्यासाची सावड सुरू करायची. टॅब वाईट नाही, पण टॅब घेऊन मुलगा पुन्हा कोपऱ्यात एकटाच बसेल. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे आणि ते मी लपवत नाही.

लागणारं सामान फार नाही. वसतिगृहातली मागची खोली, एक मोठा फळा, दोन लांब टेबलं. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी दोन तास. गणितात एम.एस्सी. करणारी एक-दोन मुलं, त्यांना मानधन आणि येण्याजाण्याचं भाडं. बारावीचा निकाल आणि कॉलेज यांच्या मधल्या दिवसांत तीन आठवडे सगळ्यांना एकत्र ठेवायचं, म्हणजे इंग्रजी पारिभाषिक शब्दांची ओळख आधीच होईल. वसतिगृहाबाहेरची, कुठल्याही जातीधर्माची मुलं आली तर त्यांनाही बसू द्यायचं. आणि खोलीच्या दारावर 'मागासलेले', 'कच्चे', 'गरजू' यातला एकही शब्द लिहायचा नाही.

आपल्या मंडळीत गणिताचे आणि फिजिक्सचे निवृत्त शिक्षक आहेत, मला इथून चौघे तर दिसताहेत. त्यांनी शिकवायचं नाही, अवघड गणितं निवडून कागद तयार करून द्यायचा. शुक्रवारचं जेवण महिला संघाने वाटून घेतलं तर फार बरं, कारण पोटभर जेवलेली मुलं उशिरापर्यंत बसतात. सभा संपल्यावर मी दाराजवळ वही घेऊन उभा आहे. ज्यांना कागद करायचा आहे त्यांनी विषय लिहा, ज्यांना डबा द्यायचा आहे त्यांनी तारीख लिहा.