झोपेची गोळी, लक्षाची गोळी



मुंबई-आग्रा महामार्गावरील धामनोदमधून रात्रंदिवस वाहने धावतात, आणि म्हणूनच झोपेच्या गोळीचा प्रश्न येथे एका घरापुरता राहत नाही.

झोल्पिडेम या झोप आणणाऱ्या औषधाचा अंमल काहींवर सकाळपर्यंत टिकतो. माणूस जागा दिसतो, पण त्याच्या हालचाली मंदावलेल्या असतात.
काही रुग्ण तर अर्धवट झोपेत वाहन घेऊन निघाले आणि नंतर त्यांना काहीच आठवले नाही, म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या औषधावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला.
दारूसोबत अशी गोळी घेतल्यास श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो.

अल्प्राझोलाम हे चिंता व निद्रानाशासाठी वापरले जाणारे औषध सवय लावते, आणि दीर्घकाळ घेऊन एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात.
म्हणून गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये, आणि स्वतःच्या मनाने थांबवूही नये.

लक्ष न टिकण्याच्या विकारात मुलांना दिले जाणारे मिथाइलफेनिडेट उपयुक्त आहे, हे निःसंशय. मात्र त्याने भूक घटते, नाडीचा वेग व रक्तदाब वाढू शकतो, आणि ते उशिरा घेतल्यास झोप उडते.
ती झोप आणण्यासाठी दुसरी गोळी देणे, ही खरी धोक्याची पायरी.
अशा वेळी मात्रेची वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्यावी; पुन्हा सांगायचे तर, स्वतःच्या मनाने काहीही सुरू करू नये, थांबवू नये.