हेराल्डचं इंजिन

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'बँकेतले अनुभव' असा विषय सुचवला होता. बँकेतल्या अनुभवांवर दहा मिनिटं ऐकायला कोणी पुण्याहून, सुरतेहून धुळ्याला आलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी या जानेवारीत काय केलं ते सांगतो. मी घरच्या गोडाऊनमध्ये एका गाडीचं इंजिन बाहेर काढलं. मी म्हणजे मी आणि मिस्त्री. मिस्त्री इथे तिसऱ्या रांगेत बसला आहे. शाळेत आपण त्याला ज्या नावाने हाक मारायचो ते स्मरणिकेत छापता येणार नाही.

गाडी तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. आमच्या अप्पांची पांढरी स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची. चार नंबरच्या गल्लीत ती वळायची तेव्हा आपण खेळ थांबवून बघत असू, कारण अँबॅसिडर जिथे दोनदा मागेपुढे व्हायची तिथे ही एका दमात वळायची. पंचवीस फुटांच्या वर्तुळात पूर्ण फिरणारी गाडी होती ती.

तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं, पण हेराल्ड ही अर्धी स्पोर्ट्स कारच होती. विलायतेत ट्रायम्फ कंपनीने १९५९ साली हेराल्ड काढली, तिचं रूप इटलीच्या मिकेलोत्तीने आखलेलं. १९६२ साली त्याच कंपनीने त्याच मिकेलोत्तीकडून स्पिटफायर नावाची दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार करून घेतली, ती हेराल्डचाच सांगाडा आखूड करून आणि त्याच घराण्यातलं इंजिन वापरून. आपल्याकडे १९६१ पासून मद्रासला हेराल्ड बनू लागली. इंजिन ९४८ सीसीचं, म्हणजे आजच्या मोठ्या मोटारसायकलींपेक्षाही लहान. त्यामुळे स्पिटफायरचं इंजिन घरी काढणारे विलायतेतले हौशी लोक जे करतात, तेच आम्ही धुळ्यात केलं. फरक एवढाच, की त्यांच्याकडे भाड्याने क्रेन मिळते आणि आमच्याकडे मिस्त्री होता.

ही गाडी १९७९ च्या मे महिन्यापासून उभी होती. का उभी होती, ते पुढे सांगतो.

आधी तयारी. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल सोडलं आणि आठवडाभर हात लावला नाही. आठव्या दिवशी इंजिन हाताने फिरलं. मिस्त्रीने कानाला हात लावला, देवाला की इंजिनाला ते कळलं नाही. पाने इंचाचे लागतात, अर्धा इंच, नऊ-सोळांश. मिलिमीटरचा पाना लावाल तर नटाचे कोपरे गोल होतील. मिस्त्रीकडे जुन्या जीपच्या काळातला इंची संच होता. मी एक काम स्वतःच्या अकलेने केलं. वह्यांना लावायची लेबलं आणली, ती काड्यापेट्यांवर चिकटवली आणि प्रत्येक जागचे नट-बोल्ट वेगळे ठेवले. नाव, इयत्ता, विषय. नाव : रेडिएटर. इयत्ता : खालची. विषय : चार बोल्ट. बाईंनी पाहिलं असतं तर अक्षरासाठी छडी दिली असती, पण पद्धतीला मार्क दिले असते.

हेराल्डवर काम करताना एक सुख आहे. तिचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं. तुम्ही पुढच्या टायरवर बसून, ओट्यावर बसल्यासारखे, इंजिनाशी बोलू शकता. आम्ही नंतर ते पूर्ण उतरवलं, त्याला चौघं लागले. मग बॅटरीची वायर, पाणी, ऑइल, रेडिएटर, कार्बुरेटर, पेट्रोलची नळी. सायलेन्सरच्या पाइपाचे नट गंजून एकजीव झाले होते. त्यांच्यावर दोन दिवस गेले. रात्री तेल सोडायचं, सकाळी थोडं तापवायचं, पान्याला अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे. मला घाई व्हायची. मिस्त्री म्हणायचा, बँकेत लोक तुझ्यापुढे रांगेत उभे राहायचे ना, तसा आता तू राहा.

गिअरबॉक्स मात्र गाडीच्या आतून निघतो. सीट काढायच्या, मधलं बोगद्यासारखं झाकण काढायचं आणि बसायच्या जागेवरून गिअरबॉक्स मागे ओढून दारातून बाहेर. त्याआधी इंजिनाखाली लाकूड ठेवून जॅक लावायचा, नाहीतर इंजिन मागे कलंडतं. सीटखाली अप्पांच्या इंजेक्शनची एक काचेची बाटली सापडली. ती मी खिशात ठेवली.

इंजिन उचलायला मी गोडाऊनच्या सागवानी तुळईकडे बोट दाखवलं. मिस्त्रीने तुळईकडे पाहिलं, वाळवीच्या रेघेकडे पाहिलं आणि गॅरेजमधून लोखंडी पाइपांची तिकटी नि चेन ब्लॉक घेऊन आला. त्याचा नियम एकच : लटकत्या इंजिनाखाली हात नाही, पाय नाही, पोरगं नाही. शंभर किलोहून जास्त वजन. इंजिन वर घ्यायचं आणि गाडी मागे ढकलायची, म्हणून आधी टायरांत हवा भरून घेतली होती.

साखळी ताणली. इंजिन बोटभर वर आलं आणि थांबलं. मी आणखी साखळी ओढायला लागलो तसा मिस्त्री ओरडला, "नको ओढू भाऊ, काहीतरी ऱ्हायनं शे." बॅटरी लावून शोधलं. खाली अंधारात अर्थची विणलेली पट्टी, एका बोल्टवर, इंजिनाला धरून बसलेली. मी ओढलं असतं तर ती तरी तुटली असती नाहीतर तिकटी तरी कलंडली असती. पट्टी सोडली आणि इंजिन वर आलं. आम्ही गाडी मागे ढकलली. पंचेचाळीस वर्षांनी पहिल्यांदा त्या गाडीची चाकं फिरली, तीही इंजिनाशिवाय.

आता १९७९ चं सांगतो. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, आणि मिस्त्रीची परवानगी घेऊन सांगतो आहे.

आपली परीक्षा संपली होती. अप्पा लग्नाला जळगावला गेले होते. मिस्त्री तेव्हा रोज सकाळी आमची गाडी धुवायला यायचा. महिन्याला दहा रुपये. त्या रात्री मी किल्ली काढली आणि आम्ही दोघं गाडी घेऊन आग्रा रोडने लळिंगपर्यंत गेलो. चालवली मी. घाटात मी तिला दामटली, हेही खरं. पुढच्याच आठवड्यात गाडीतून खडखड येऊ लागली, क्लच सुटेना, गिअर पडेना. पाहायला आलेला माणूस म्हणाला, पोरांनी गाडी मारलेली दिसते. कोणीतरी रात्री गाडी पाहिली होती. अप्पांनी विचारलं, कोणी नेली? मी खाली पाहिलं. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं आणि तोही काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याला येऊ नको म्हणून सांगितलं गेलं. तो पास झाला होता, पण अकरावीला आपल्याबरोबर आला नाही. जूनमध्ये आग्रा रोडवरच्या एका गॅरेजात लागला. त्या दहा रुपयांमुळेच तसं झालं असं तो म्हणत नाही. मी त्या गॅरेजवरून कितीतरी वर्षं स्कूटरने बँकेत गेलो. मान हलवायचो, थांबायचो नाही.

इंजिन उलटं करून आम्ही खालची ऑइलची टाकी उघडली. तळाच्या काळ्या चिखलातून मिस्त्रीने अर्धचंद्राच्या आकाराची, पत्र्यासारखी पातळ झालेली एक चकती काढली. या इंजिनांचं हे जुनं दुखणं आहे, स्पिटफायरवालेही याच्याच नावाने रडतात. क्रँकशाफ्ट पुढे-मागे सरकू नये म्हणून मागच्या मोठ्या बेअरिंगला दोन अर्ध्या चकत्या असतात. क्लच दाबला की क्रँक पुढे रेटला जातो आणि सगळा भार मागच्या चकतीवर येतो. जो माणूस गिअर टाकून, क्लच दाबून उभा राहतो, तो तिला रोज थोडी थोडी खातो. शेवटी ती इतकी झिजते की जागेवरून खाली पडते. मग क्रँक मोकळा, क्लच सुटत नाही, खडखड.

अप्पा रेल्वे फाटकावर गाडी कधी न्यूट्रलला टाकत नसत. पेशंटच्या दारात, फाटकावर, पाचकंदीलच्या गर्दीत, डावा पाय कायम क्लचवर. घाईचा धंदा होता त्यांचा.

मिस्त्रीने चकती चिंधीने पुसली, अंगठ्याने चाचपली आणि म्हणाला, "एक रातमा इतली झिजत नही. डॉक्टरसाहेबना पाय शे हाऊ."

अप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांना हे दाखवता येत नाही. मी मिस्त्रीला म्हणालो, म्हणजे आपण दोघांनीही काही केलं नव्हतं. तो म्हणाला, आपण नव्हतं केलं. मग थोडं थांबून म्हणाला, तू बोलला नव्हतास, ते मात्र केलं होतंस. मी म्हणालो, हो. त्याने माझ्यापुढे काड्यापेट्या सरकवल्या आणि नट मोजायला सांगितले.

तर सरांच्या आणि तुम्हा सगळ्यांच्या समोर सांगतो, त्या रात्री गाडी मी चालवत होतो.

सध्या इंजिन गोडाऊनमध्ये लाकडी ठोकळ्यांवर आहे. क्रँक घासायला दिला आहे, जाड मापाच्या चकत्या यायच्या आहेत. जेवणानंतर ज्यांना बघायचं असेल त्यांनी चालत या, दहा मिनिटांवर आहे. कपडे जुने घाला. बॉनेट परत चढवायला चौघं लागतात आणि आमचे दोघांचेही गुडघे आता तितके चांगले नाहीत.