बुंदी, टायटॅनियम आणि बाटलीवरची तारीख
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"सॉफ्टवेअरवाली धातूंवर काय बोलणार?" असं मागच्या बाकावरून आत्ताच कुणीतरी म्हणालं. आवाज ओळखलाय मी!

मी टायटॅनियमची पूड बनवणाऱ्या कारखान्यासाठी प्रोग्राम लिहिते. थ्रीडी प्रिंटरमध्ये ही पूड पातळ थरांत पसरून लेसरने वितळवतात आणि त्यातून विमानाचे भाग, खुब्याचे सांधे घडतात. थर सारखा पसरायला कण गोल हवेत आणि बारीक, साधारण १५ ते ४५ मायक्रॉन, केसाहूनही बारीक.

दळून असे गोल कण मिळत नाहीत. ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेल्या टायटॅनियमचा दांडा उभा टांगून हळूहळू फिरवतात. खालच्या कॉइलमुळे त्याचं टोक १६०० अंशांच्या वर तापून वितळतं. मूस चालत नाही, कारण वितळलेलं टायटॅनियम मुशीलाच खातं. पडणाऱ्या धारेवर आर्गॉन वायूचा जोरदार झोत बसतो, तिचे थेंब उडतात आणि थिजण्याआधी पृष्ठताण त्यांना गोल करतो. बुंदीच म्हणा ना! मोठ्या बुंदीला चिकटलेल्या चिल्ल्यापिल्ल्या इथेही निघतात, आणि पूड नीट वाहत नाही.

पण खरा शत्रू ऑक्सिजन. कण जितके बारीक, तितका पृष्ठभाग जास्त, तितका तो जास्त चिकटतो आणि धातू ठिसूळ होतो. शरीरात बसवायच्या शुद्ध प्रतीत तो ०.१३ टक्क्यांच्या आत लागतो.

माझी चूक इथेच झाली. दोन-तीन खेपांची पूड मिसळून एक लॉट करतात. माझा प्रोग्राम लॉटवर मिसळल्याची तारीख टाकायचा. त्यामुळे कित्येकदा उघडलेल्या डब्यातली पूडही कागदावर ताजी ठरायची आणि फेरतपासणीतून सुटायची. चाळणीवरचे काका म्हणाले, "मॅडम, यातली अर्धी तर दिवाळीआधीची, नवी कशी झाली?" लॉट थांबवून तपासला. ऑक्सिजन मर्यादेबाहेर होता. कुणाच्या तरी आईच्या खुब्यात गेला असता तो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सायन्सच्या बाई दोन बाटल्यांतलं द्रावण एकत्र केलं की जुन्या बाटलीची तारीख लिहायला लावायच्या. मी कंटाळायचे, एकदा ओरडाही खाल्लाय. आता प्रोग्राम सर्वांत जुनी तारीख धरतो. त्या ओळीशेजारी मी 'बाईंचा नियम' असं लिहून ठेवलंय. बाई, तुम्ही आज समोर बसलाय, म्हणून सांगितलं.