लुळ्या हाताचा खेळ



अर्धांगवायूने लुळा झालेला हात पडद्यावरच्या आभासी खेळांनी सुधारतो, म्हणून सासूबाईंसाठी तसले यंत्र घ्यायचे घरात निघाले. खर्च मोठा! भाचीने मला माहिती वाचून दाखवली. कॅनडाच्या डॉक्टरांनी चार देशांतले, नुकताच झटका आलेले १४१ रुग्ण घेतले. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला दोन आठवडे काहींना पडद्यावरचा खेळ दिला, बाकीच्यांना साधे पत्ते, डोमिनो. निष्कर्ष २०१६ साली छापला: हात दोन्हीकडचे सारखेच सुधारले.

मग डॉक्टरांना विचारून मी पत्तेच काढले. एक पान उचलायला सासूबाईंना फार वेळ लागतो, लागेना का! नातवंडे मदतीला धावतात, त्यांना मी दटावते. परवा त्याच हाताने त्यांनी मला झब्बू दिला.