व्यक्ती तितक्या प्रकृती



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले जाते, ते या शाळेत शास्त्र शिकवीत. मी जन्मभर मराठी शिकविले. तेव्हा एचआयव्हीसारख्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असे आपल्या मनात आले असेल. अधिकार काही नाही. एक जुने ऋण मात्र आहे.

माझा एक विद्यार्थी 1996 साली एड्सने गेला. संसर्ग असल्याचे कळल्यापासून जेमतेम दोन वर्षांत. त्याच्या पत्नीलाही संसर्ग झालेला होता. मी तिला सांत्वनाचे पत्र लिहिले आणि त्यात म्हटले, की त्याने धीर सोडला नसता तर तो आणखी जगला असता. वाक्य चांगले उतरले, असेही मला त्या वेळी वाटले होते. पुढे ती बाई वर्षानुवर्षे औषधाविना धडधाकट राहिली. मग गल्लीतील लोक म्हणू लागले, 'नवऱ्याला खाल्लं आणि स्वतः ठणठणीत!' काहींनी त्यावरून निष्कर्षही काढला, की रोग तिनेच घरात आणला असणार. माझे पत्र आणि गल्लीतले बोलणे यांत भाषेचा फरक होता, तर्काचा नव्हता. कोण लवकर गेला आणि कोण उरले, यावरून आम्ही दोघेही माणसांची किंमत करीत होतो.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. हा विषाणू 1983 साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला; भारतातील पहिले रुग्ण 1986 साली मद्रासमध्ये उजेडात आले. औषधोपचार नसेल तर प्रौढ माणसास संसर्गापासून एड्सपर्यंत पोहोचण्यास सरासरीने सुमारे दहा वर्षे लागतात. पण ही नुसती सरासरी. कोणी दोन-तीन वर्षांतच ढासळतो, कोणी वीस वर्षे उभा राहतो. शंभरांत एखाद्याहूनही कमी माणसे अशी असतात, की ज्यांच्या रक्तात विषाणू नेहमीच्या तपासणीत दिसतच नाही. शिवाय संसर्ग कळल्याचा दिवस हा संसर्ग झाल्याचा दिवस नसतो. माझा विद्यार्थी 'दोन वर्षांत' गेला असे मी म्हणालो, ते म्हणूनच चुकीचे होते. आधी किती वर्षे तो विषाणू बाळगून हिंडत होता, कोणास ठाऊक! आणि आधी आजारी पडला त्यालाच आधी संसर्ग झाला, असेही यावरून ठरत नाही.

संसर्गानंतर काही आठवड्यांत विषाणू आणि शरीर यांची पहिली झटापट संपते आणि रक्तातील विषाणूंचे प्रमाण एका पातळीवर स्थिरावते. ही पातळी ज्याची त्याची. 1996 साली अमेरिकेतील जॉन मेलर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वी साठवून ठेवलेल्या रक्ताचे नमुने तपासून दाखविले, की ज्यांची पातळी सर्वांत वरची होती त्या गटातील जवळजवळ निम्मे लोक पाच वर्षांत मृत्यू पावले. सर्वांत खालच्या गटातले शेकडा पाचच. निकाल असा फार आधी लिहिला जात होता, रुग्णाचा धीर खचण्याच्या कितीतरी आधी.

ही पातळी कोण ठरवितो? काही अंशी विषाणू स्वतः. सिडनीमध्ये एकाच रक्तदात्याचे रक्त घेतलेली काही माणसे दाता स्वतः धरून वर्षानुवर्षे निरोगी राहिली. 1995 साली उलगडा झाला, की त्यांच्यातील विषाणूच्या 'नेफ' नावाच्या जनुकाचा तुकडाच गळालेला होता. चोर दुबळा, म्हणून घर वाचले. त्यांपैकीही काहींच्या पेशी पुढे घटू लागल्याच.

पण काही भाग घराचाही. विषाणू पेशीत शिरताना सीडी४ या दारावर येतो, पण त्यास आणखी एक कडी लागते. तिचे नाव सीसीआर५. काही माणसांत या कडीच्या जनुकातील 32 अक्षरे जन्मतःच गळालेली असतात. आईबाप दोघांकडून हा दोष आला तर विषाणूस सहसा शिरताच येत नाही. एकाकडूनच आला तर आजार मंदगतीने वाढतो. दोष म्हणावा की गुण, आपणच ठरवा. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत तो बराच आढळतो, आपल्याकडे फारच विरळ.

आपल्याकडे अधिक महत्त्वाची ठरतात ती एचएलए नावाची जनुके. पेशीच्या आत शिरलेल्या शत्रूचे तुकडे ही जनुके पेशीच्या पृष्ठभागावर मांडून दाखवितात, म्हणजे मारेकरी पेशींना तो ओळखता यावा. बी२७, बी५७ हे प्रकार ज्यांच्यात असतात, ते विषाणूचे नेमके असे तुकडे दाखवितात की जे बदलल्यास विषाणू स्वतःच लंगडा होतो. बी३५ च्या काही प्रकारांत याउलट आजार लवकर वाढतो. पतीपत्नी रक्ताचे नातेवाईक नसतील, तर त्यांची ही जनुके सहसा वेगळीच असणार. एकच विषाणू एकाच घरात, पण दोन निराळ्या परीक्षकांपुढे!

याशिवाय वय आहे, क्षय आहे. उतारवयात संसर्ग झाला तर घसरण लवकर होते. आणि सर्वांत चमत्कारिक गोष्ट माकडांची. पश्चिम आफ्रिकेतील सूटी मँगाबे माकडांच्या रक्तात याच कुळातला विषाणू भरपूर असतो, तरी ती सहसा आजारी पडत नाहीत. उत्तर हिंदुस्थानातील देवळांच्या आवारात दिसणाऱ्या तांबड्या तोंडाच्या माकडांना मात्र प्रयोगशाळेत तोच विषाणू टोचला की एड्ससारखा आजार होतो. मँगाबेचे शरीर काही आठवड्यांत शांत होते, दुसऱ्याचे अखंड पेटलेले राहते. लढण्याच्या या सततच्या धगीनेच शरीर झिजते. जिद्दीची स्तोत्रे गाणाऱ्या आम्हां साहित्यिकांनी हे जरा ध्यानात घ्यावे.

या फरकांना आज पूर्वीइतके महत्त्व उरलेले नाही. 1 एप्रिल 2004 पासून भारतात सरकारी रुग्णालयांतून औषधे मोफत मिळू लागली. पेशी किती उरल्या याची वाट न पाहता लगेच उपचार सुरू करावेत, हे 2015 च्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाले आणि 2017 पासून आपल्याकडेही तेच धोरण आले. नियमित औषधाने रक्तातील विषाणू दिसेनासा झाला, की शरीरसंबंधातून तो दुसऱ्याकडे जात नाही. 'माझी प्रकृती दणकट आहे, मला औषध कशाला?' असे म्हणणारी माणसे मला अजूनही भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

त्या बाई आज हयात आहेत. त्यांच्या पेशी फार उशिरा घटू लागल्या, तेव्हा औषध सुरू झाले. ते पत्र त्यांनी जपून ठेवले होते, हे मला गेल्या वर्षी कळले. मी ते परत मागितले. त्या म्हणाल्या, 'सर, राहू द्या. त्यात त्यांचं नाव तुमच्या अक्षरात आहे.' मग मी त्याच कागदाच्या मागच्या बाजूस लिहून दिले, की पुढे लिहिलेले वाक्य खोटे आहे, आणि खाली त्या दिवसाची तारीख घालून सही केली.